दहा जादा चांदण्या

ताडपत्र्या, तंबू आणि दुकानांचे पडदे शिवण्यात माझी उमर गेली. त्यामुळे घुमटवाला आपला फाटका घुमट घेऊन आला तेव्हा मी कापड चिमटीत धरलं आणि म्हणालो, "एवढंच ना? दुपारपर्यंत होईल."

घुमट म्हणजे बाहेरून काळ्या, आतून करड्या कापडाचा मोठा फुगा. पंख्याने हवा भरली की अख्खा वर्ग पोटात घेतो. मधोमध एक मशीन असतं, ते छतावर आकाश उमटवतं. हा माणूस ते सगळं गाडीत घालून शाळाशाळांतून फिरतो. त्याच्या संस्थेकडे असे सहा घुमट होते. हा नीट झाला तर बाकीचेही माझ्याकडेच येणार होते.

शिवताना एका जागी शिवण वाकडी गेली. नऊ टाके उसवले, बोटभर बाजूने पुन्हा घातले. कॅनव्हासवर हे मी हजारदा केलंय. पाण्याचा हात फिरवला की धागे फुगतात, जुनी भोकं बुजून जातात. इथेही फिरवला.

"नव्यासारखा झालाय बघा," मी सांगितलं. उसवल्याचं काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी घुमट नेमका माझ्या नातीच्या शाळेच्या सभागृहात लागला. घुमटवाला म्हणाला, "काका, पहिल्या खेळाला आतच बसा. शिवणीतून हवा सुटली तर तुम्ही हाताशी हवे."

रांगत आत गेलो आणि भिंतीला टेकून बसलो. पुढे मुलं, त्यांत माझी नात. तिला शाळेत पणबाई म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नेच सुरू होतं.

अंधार झाला आणि डोक्यावर चांदणं पसरलं. या वयातही माझं तोंड उघडंच राहिलं. घुमटवाल्याने रात्र भराभर पुढे सरकवली. तारे एका बाजूने उगवत होते, दुसऱ्या बाजूने बुडत होते.

"आता नीट बघा. एकच तारा जागचा हलत नाही. कोणता?"

"ध्रुव!" मुलं ओरडली.

"पण अजून दहा आहेत," नात म्हणाली. "त्या तिकडे, ओळीत. त्या पण हलत नाहीत."

"पणबाई, गप बस," वर्गाच्या बाई म्हणाल्या. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "चष्मा लाव गं!"

मी तिच्या बोटाच्या दिशेला पाहिलं. चांदण्या अशा सारख्या अंतरावर नसतात. नऊ टाके म्हणजे दहा भोकं. या कापडावर रबराचा थर होता. तो कसला फुगतोय! खिडकीचं ऊन माझ्या सुईच्या वाटेने सरळ आत येत होतं.

घुमटवाल्यानेही मान वर केली. "अरे देवा. मशीन बिघडलं वाटतं. बाई, पुढच्या तुकड्या रद्द कराव्या लागतील. उद्याची शाळाही."

बाहेर तीन तुकड्या रांगेत उभ्या होत्या. बोललो तर माझे बाकीचे पाच घुमट जाणार, नाही बोललो तर यांचं आकाश.

"पण मशीन बंद करून बघा ना," नात म्हणाली. "बिघाड मशीनचा असेल तर त्या पण जातील."

त्याने बटण दाबलं. सगळं आकाश गेलं, ध्रुवसुद्धा. दहा चांदण्या मात्र तशाच लुकलुकत राहिल्या. आता कुणी हसलं नाही.

"त्या माझ्या आहेत," मी म्हणालो. "टाके उसवले होते मी. सांगितलं नाही, चुकलं." आणि रांगत बाहेर जाऊन त्या जागी तळवा ठेवला. आतून एकच आरडाओरडा झाला. हात काढला, पुन्हा आरडाओरडा.

मी ठिगळ आणि चिकटपट्टी काढली, तोवर घुमटवाला बाहेर आला. आता हा काय बोलणार म्हणून मी खाली बघत राहिलो.

"काका, शिवण पक्की आहे, हवा जात नाही. पण पुढच्या वेळी उसवलंत तर आधी सांगायचं."

"पुढच्या वेळी?"

"अजून पाच घुमट आहेत ना. आणि ते ठिगळ खेळ संपल्यावर लावा. या तुकड्यांनाही शोधू दे."

पहिली तुकडी बाहेर आली, दुसरी आत गेली. नात माझ्याशेजारी कापडाला कान लावून बसली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एक बारीक आवाज, "सर, या हलत नाहीत!"

"आता मशीन बंद करायला लावतील बघ," ती खूश होऊन म्हणाली. मग तिने कापडावरचा कान काढला आणि वर पाहिलं. ती अशी वर बघायला लागली की मला धास्ती वाटते.

"पण आजोबा, खरा ध्रुवही हलत नाही. तिथे पण कुणी उसवलं असेल का?"

"छे! तो खरा तारा आहे."

"पण कशावरून? तिथलं मशीन कोण बंद करून बघणार?"

मी ठिगळ बाजूला ठेवलं. "चल," म्हणालो, "घुमटवाल्याला विचारू. मलाही ऐकायचंय."