सोयरिकीचा टीव्ही

माझं लग्न टीव्हीशी लागलं असं मी गमतीनं म्हणायचे. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. लासुर्ण्याहून आमचे आप्पा कन्हेरीला घर बघायला गेले, आणि परत आल्यावर आईला त्यांनी आधी टीव्हीबद्दल सांगितलं, मग दारातल्या मोटारसायकलबद्दल. नवऱ्या मुलाचं नाव सिद्धू आहे, हे शेवटी.

वैशाखात मी सून म्हणून त्या घरात शिरले, तर फळीवर सासूबाईंनी विणलेला रुमाल तेवढा होता. टीव्ही दुरुस्तीला दिलाय, मोटारसायकलही, असं सिद्धू खाली बघून म्हणाला. पाचपरतावणाला माहेरी गेले तेव्हा मीही आईला तेच सांगितलं.

माझी नणंद दिपाली बारा वर्षांची. हापशावरून अर्धी कळशी आणायची तर वाटेत दोनतीनदा टेकायची. आडवी झाली की तिचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून पोत्यांना टेकून बसूनच झोपायची. बारामतीच्या डॉक्टरांनी लग्नाआधीच सांगितलं होतं की हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन पुण्याला करावं लागेल, उशीर करू नका. शेत विकलं असतं तरी पैसे पुरले नसते. मग डॉक्टरांनीच वाट दाखवली. सरकारनं नवी योजना काढलीय, हृदयाच्या ऑपरेशनचा खर्च सरकार देतं, फक्त दारिद्र्यरेषेखालचं पिवळं रेशनकार्ड हवं.

हे कळल्यावर मला हायसं वाटलं. एकरभर जमीन आणि बाकी दुसऱ्याच्या उसात मजुरी. त्या रेषेखाली आम्ही नाही तर कोण? पण कार्डाचा विषय निघाला की सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचे, उठून गोठ्यात जायचे. सासूबाई पेटलेली चूल पुन्हा फुंकत बसायच्या. कार्ड येईल, असं सगळे म्हणायचे आणि विचारायला कोणीच जायचं नाही. त्या गप्पपणाची मला भीती वाटायला लागली.

शेवटी मीच मामांना घेऊन ग्रामसेवकाकडे गेले. दिपाली बाहेर पायरीवर बसून राहिली. ग्रामसेवक म्हणाला, दारिद्र्यरेषेच्या पाहणीला मी स्वतः आलो होतो, घरात टीव्ही होता, दारात मोटारसायकल, अशा घराला पिवळं कार्ड मिळत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी घरात गेला असाल, असं मी म्हणाले. तो हसला.

"पाहुणे बसले होते, पोहे चालले होते. मी विचारलं, दादासो, टीव्ही तुमचाच का? म्हणाले, व्हय, माझाच."

मामा भिंतीकडे बघत होते.

परतताना ते बांधावर बसले आणि सगळं बोलून मोकळे झाले. टीव्ही आणि मोटारसायकल शेजारच्या कुंडलिकची, एका दिवसापुरती. पाहुण्यांना धाप ऐकू जाऊ नये म्हणून दिपालीला कुंडलिकच्याच घरात बसवून ठेवलं होतं. गरिबांची पाहणी होणार हे त्यांना ठाऊक होतं, पण ती नेमकी त्याच दिवशी दारात येईल हे कुणाला ठाऊक असणार?

"तुमचं आप्पा म्होरं बसल्यालं," मामा म्हणाले. "न्हाय म्हनलो असतो तर सोयरीक तितंच मोडली असती. म्हनलं, लगीन होऊ दे, मग जाऊन सांगतो."

लग्न होईपर्यंत यादी तालुक्याला गेली होती.

मला मामांचा राग आला, आणि आप्पांचा त्याहून जास्त. माणूस लेक द्यायला जातो की बाजार करायला? पण मामांनी हात जोडले. आप्पांना कळू देऊ नका, म्हणाले. मी तोंडाला कुलूप घातलं आणि बारामतीला जाऊन फेरतपासणीचा अर्ज दिला. साहेब आषाढात कधीतरी येतील, असं सांगण्यात आलं. मी फळीवरचा रुमालसुद्धा काढून पेटीत टाकला. रस्त्यावर गाडी वाजली की दारात जायचे. दिपालीचे पाय सुजायला लागले होते.

आषाढात एक दिवस टेम्पो येऊन थांबला. त्यातून साहेब नाही, आप्पा उतरले, मला आखाडाला माहेरी न्यायला. मागं चादरीत गुंडाळलेला खोका होता. जावयाचा टीव्ही किती दिवस दुरुस्तीत राहायचा, म्हणून त्यांनी नवा कोरा, रंगीत आणला होता. बघता बघता त्यांनी तो फळीवर मांडला, शिडी लावली आणि अँटेना बसवायला पत्र्यावर चढले. आप्पा, आत्ता नको, असं मी खालून म्हणत राहिले. त्यांना वाटलं, पोर लाजतेय.

चित्र दिसायला लागलं आणि जीप आली.

साहेबांनी आधी अँटेना बघितली, मग घरात येऊन टीव्ही. कुणाचा, असं त्यांनी मामांना विचारलं. मामांनी वर बघितलं. पत्र्यावर आप्पांचे पाय वाजत होते.

"आमचा न्हाय, सायेब," मामा म्हणाले. "ह्यो आत्ताच सोयऱ्यांनी आणलाय. मागचा बी आमचा नव्हता, मागून आणल्याला. पोरगी आजारी हाय."

पत्र्यावरचे पाय थांबले.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे हसले. "आम्ही आलो की सगळ्यांचेच टीव्ही सोयऱ्यांचे असतात," म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. मी गाडीमागं वेशीपर्यंत धावले, पण ती थांबली नाही.

परत आले तेव्हा आप्पा शिडीच्या खालच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. मामा गोठ्यात होते. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. दिपाली पोत्याला टेकून बघत बसली होती. मागच्या वेळी तिला बघायला मिळालाच नव्हता. धाप लागली होती, तरी हसत होती.

"वहिनी, ह्यो आता परत द्यायचा न्हाय ना?"

"न्हाय," मी म्हणाले. "ह्यो आपलाच हाय."