चपड्याचा हात

"बंद करो मशीन! अभी के अभी!"

खंडेराव गेटजवळच्या फर्निचरच्या दुकानात जनार्दनराव ओरडले, पण लाकूड घासायच्या मशीनपुढे त्यांचा आवाज फक्त शेजारच्या पानवाल्यापर्यंत पोचला. मग त्यांनी भिंतीतला प्लगच उपसला.

जनार्दनराव रेल्वे वर्कशॉपमध्ये कातारी होते. छत्तीस वर्षं लेथवर लाकूड कातलं. तेवढ्या काळात ते तीनदा चिडले, आणि तिन्ही तारखा वर्कशॉपला पाठ होत्या. ही चौथी.

टेबलावर त्यांनीच केलेला पाळणा सुटा पडला होता. चारही कातीव खांब घासून पांढरेफटक. कडेची दांडी अजून तपकिरी होती, पण तिच्यावरचे दोन बारीक खळगे पुट्टीने बुजवलेले.

हा पाळणा झाशीतल्या मराठी घरांतून फिरे. बारशाला न्यायचा, मूल चालायला लागलं की परत आणायचा. परत आला की जनार्दनराव चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून एक हात फिरवत. जुन्या लाखेत नवी मुरते, घासावं लागत नाही. बत्तीस वर्षांत बावीस बाळं, बावीस हात. या खेपेला त्यांच्या बायकोच्या भाच्याने, निशांतने, स्वतःच्या बाळाच्या बारशासाठी 'सरप्राइज' म्हणून पाळणा परस्पर इथे आणून टाकला होता.

"काका, परवा बारसं आहे," निशांत म्हणाला. "मनस्वीला फोटोत थोडी चमक हवी होती, बस."

"चमक? मग बल्ब टांग!"

"चाचाजी, लाख का ज़माना गया," दुकानदार कौशिकजी मध्ये पडले. "पीयू मारूँगा, प्लास्टिक वाली पॉलिश, शीशे जैसा दिखेगा. गरम कटोरी रख दो, दाग नहीं पड़ेगा."

"पालने में बच्चा रखते हैं, कटोरी नहीं! वो चाटेगा इसको. आप चाटेंगे अपना पीयू? चाटिए, मैं खड़ा हूँ."

कौशिकजी डब्यावरचं लेबल वाचू लागले. ते त्यांनी पहिल्यांदाच वाचलं असावं.

"पण काका, ते खड्डे किती गंदे दिसत होते! चूहे ने कुतरल्यासारखे."

जनार्दनरावांनी दांडी उचलली. निशांतचं वय सत्तावीस. त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. घरात तो विषय कोणी काढत नसे. हे सगळं जनार्दनरावांना कळत होतं. त्याने राग तसूभरही उतरला नाही.

"ह्याच दांडीवर लाळ गाळलीस तू," ते म्हणाले. "खांब ने, प्लास्टिक फास नाहीतर डांबर फास. दांडी माझी."

दांडी काखेत मारून ते नगरा मोहल्ल्यात घरी आले. बायकोच्या, अंबिकाबाईंच्या, केसांतला आकडा मागून घेतला आणि पुट्टी उकरायला बसले. वरची निघाली. तळाशी लाकडाच्या रेषांत शिरलेली निघेना. मग कापसाची पुरचुंडी लाखेत बुडवून एक हात दिला, दुसरा, तिसरा. रागात पॉलिश करू नये, हात जड पडतो, असं ते नव्या पोरांना शिकवत. दांडीवर एक ओघळ राहिलाच.

बारशाला खांब काचेसारखे चमकत होते. मधे मधाच्या रंगाची दांडी, आणि तिच्यावर दोन पांढरे ठिपके. इतकी वर्षं जवळ गेल्याशिवाय न दिसणारे ते आता दारातून दिसत होते.

"मावशी, हे सफेद काय राहिलं?" निशांतच्या बायकोने, मनस्वीने, हळूच विचारलं. तिच्या हातात मोगऱ्याचा हार होता. "इथे हार बांधते, झाकलं जाईल."

अंबिकाबाईंनी दांडीवर अंगठा ठेवला.

"दात आहेत. जाईचे. वरचे दोन."

"जाई कोण?"

"माझी. चौदा महिन्यांची होती, गेली तेव्हा."

दाराशी जनार्दनराव पुढे आलेलं पेढ्यांचं ताट परतवत उभे होते. अजून रागातच. बायकोच्या तोंडून ते नाव ऐकलं तसे ते भिंतीकडे वळले.

मनस्वीने अर्धी बांधलेली गाठ सोडली आणि हार दांडीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बांधला.