पहिला नंबर

अलार्मवाल्याने भिंतीवरचा टेलिफोनचा डबा उघडला आणि आतल्या दोन तारा चिमटीत धरून बाहेर ओढल्या.

"लाइन आधी अलार्मच्या पेटीत येईल, मग टेलिफोनला जाईल," तो म्हणाला. "चोरानं रिसीव्हर काढून ठेवला तरी पेटी फोन लावणारच. बोला काका, पहिला फोन कुणाला?"

"धाकटीला," बाबा लगेच म्हणाले. "तिनं नाही उचलला, तर हिला."

थोरलीच्या हातातला टॉर्च हलला.

"ताई, उजेड इकडे."

तिने टॉर्च सरळ केला. बाबांची औषधं, त्यांची कवळी, तुंबलेली मोरी, सगळं तिच्या गळ्यात. ती दोन गल्ल्या पलीकडेच राहत होती. धाकटी दूरच्या शहरात. तिचा फोन आला की बाबांचा आवाज तरुण व्हायचा. घरात चोरी झाल्यावर अलार्मचं तिनेच फोनवरून सुचवलं होतं, आणि तेव्हापासून बाबा येईल-जाईल त्याला तिच्या हुशारीचं कौतुक ऐकवत होते.

बाबा चहा टाकायला आत गेले.

"हं, धाकट्या ताईंचा नंबर?"

थोरलीने स्वतःचा नंबर सांगितला. दुसरा म्हणून नवऱ्याचा दिला. तिला फार बरं वाटलं, आणि कानशिलं तापली.

"काका, मागचं दार उघडा बघू!" अलार्मवाल्याने हाक मारली.

पेटी किंचाळली. थोड्या वेळाने थोरलीच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. तिने तो काढला नाही. बाबा बाहेर येऊन पर्सकडे बघत राहिले.

अलार्मवाल्याने पेटी गप्प केली. "पहिला नंबर तर धाकट्या ताईंचा ना?"

"हिनं स्वतःचाच दिला," बाबा म्हणाले. ते रागावले नव्हते. पुढचं तिच्याशी न बोलता त्यालाच सांगू लागले. "मागच्या खेपेला मी बाहेर होतो. शेजाऱ्यांनी हिला कळवलं. चोर घरातच, आणि ही बया झाडू घेऊन आत! हिला काही झालं असतं म्हणजे? धाकटी रडेल, ओरडेल, पोलिसांना फोन करेल. पण इथं येऊन पोचणार नाही."

थोरली टॉर्चचं बटण उगाच चालू-बंद करत राहिली.

"मला सांगायचं ना तसं," ती शेवटी म्हणाली.

"ऐकलं असतंस?"

तिने टॉर्च बंद केला.

"मग बदलू का नंबर?" अलार्मवाल्याने विचारलं.

"बदला," ती म्हणाली. बाबांनी निःश्वास टाकला आणि ते चहा गाळायला वळले.

अलार्मवाल्याने पेटीच्या बटणांवर बोट ठेवलं. थोरलीने त्याच्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

"झालं का गं?" आतून बाबांनी विचारलं.

"झालं, बाबा."