बरोबरीचं एक नाव

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे ‘कात्री’ म्हणायचे. कुणाचाही खर्चाचा प्रस्ताव आला की ही त्याला कात्री लावणार, म्हणून. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही. सव्वीस वर्षं फायनान्समध्ये घासल्यावर माणसाला निदान टोपणनाव तरी मिळायला नको?

तर या कात्रीला बावन्नाव्या वर्षी एका मोठ्या कंपनीतून फायनान्सच्या सर्वांत वरच्या जागेसाठी विचारणा झाली. अशा जागांसाठी माणसं शोधून देणारी एक संस्था होती. तिथली कन्सल्टंट बाई फोनवर म्हणाली, “मॅडम, हल्ली संचालक मंडळ पहिलं विचारतं, यादीत बाई आहे का?”

“आणि पूर्वी काय विचारायचं?”

“पूर्वी विचारायचं, यादीत बाई कशाला?”

दोघीही हसल्या. कात्री जरा जास्तच हसली, कारण ही जागा तिला जीव तोडून हवी होती.

चार मुलाखती झाल्या आणि शेवटी दोघंच उरली, ती आणि एक गृहस्थ. आता राहिली फक्त तिच्याबद्दल चौकशी करायला द्यायची नावं. एक वरिष्ठ, एक हाताखालचा आणि एक बरोबरीच्या पदावरचं, जवळून ओळखणारं माणूस. मुदत शुक्रवारपर्यंत.

पहिली दोन नावं तिने चुटकीसरशी लिहिली. तिसऱ्यापाशी गाडी अडली. बरोबरीचे होते की, चांगले पाच-सहा पुरुष होते. त्यांचं एकत्र खेळणं, एकत्र जेवणं, एकमेकांच्या घरी जाणं. हिला बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही आणि हिने तोंड उघडून कधी विचारलं नाही. अहो, ताठ असावं माणसाने, पण इतकं? गेली बारा वर्षं बाई केबिनचं दार लोटून एकटी डबा खात होत्या. आता जवळून ओळखणारं माणूस काय भाड्याने आणायचं?

एकच नाव होतं, एका जुन्या मैत्रिणीचं.

बारा वर्षांपूर्वी दोघींचे डबे एकाच टेबलावर उघडायचे. मग मैत्रिणीला बाहेरून मोठ्या जागेचं बोलावणं आलं, आणि तिने बरोबरीचं माणूस म्हणून हिचं नाव दिलं. चौकशीचा फोन आला तेव्हा हिने तोंड भरून कौतुक केलं. अशा फोनची एक रीत असते. शेवटी विचारतात, “आम्ही विचारलं नाही, पण सांगावंसं वाटतं असं काही?” नाही म्हणायचं आणि फोन ठेवायचा, इतकं सोपं. ही म्हणाली, “मुलगी लहान आहे तिची. तेवढी एक काळजी वाटते.”

काळजी! डोंबलाची काळजी. मैत्रीण पुढे निघालेली बघवत नव्हतं, आणि हे हिला तेव्हाही कळत होतं. मैत्रिणीची ती जागा हुकली. वर्षभरात तिने नोकरीही सोडली. त्यानंतर काही वर्षं ती न चुकता फोन करायची, कशी आहेस, काय चाललंय. पुढे तेही थांबलं.

गुरुवारी कात्रीने तिला फोन लावला.

“दे की माझं नाव,” मैत्रीण म्हणाली. “त्यात विचारायचं काय?”

सोमवारपर्यंत कात्रीचा जीव टांगणीला लागला होता. मैत्रिणीला काही कळलं असेल तर ती आता वचपा काढणार, आणि आपल्याला रागवायचाही हक्क नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी कन्सल्टंट बाईचा फोन आला. “अभिनंदन, मॅडम! तुमची मैत्रीण अर्धा तास बोलत होती तुमच्याबद्दल. शेवटच्या प्रश्नाला भलेभले घसरतात. त्या म्हणाल्या, नाही, आणखी काही नाही.”

कात्रीने लगेच मैत्रिणीला फोन केला.

“मिळाली ना?” मैत्रीण म्हणाली. “छान झालं. तुझ्याइतकं काम कुणाला येतंय?”

“अगं, मला एक सांगायचंय. तुझ्या वेळी मला फोन आला होता ना, तेव्हा मी…”

“माहीत आहे. नकार कळवताना त्या माणसानेच सांगितलं. तुमच्या मैत्रिणीलाही काळजी वाटते, म्हणाला.”

“म्हणजे पहिल्यापासून? मग इतकी वर्षं फोन कशाला करत होतीस?”

“तू सांगशील म्हणून. दर वेळी वाटायचं, आज सांगेल. भांडले असते गं मी. महिनाभर तोंड बघितलं नसतं तुझं, आणि मग आलेच असते. तू आपली इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचीस. शेवटी कंटाळले.”

“मी येऊ? आत्ता निघते.”

“नको गं.” आवाजात राग नव्हता. “आता सवय राहिली नाही. नवी जागा नीट सांभाळ. चल, ठेवते.”

माफ कर, एवढं म्हणायचं राहूनच गेलं होतं. कात्रीने पुन्हा फोन लावला. तो बराच वेळ वाजला आणि आपोआप बंद झाला.