छपरावरचं तिसरं नाव

दुकान तिचं चष्म्यांचं, पण गिऱ्हाइकाची नजर आधी जायची ती फ्रेम्सच्या वरच्या काचेच्या फळीकडे. तिथे चोवीस तास चालणाऱ्या शर्यतींतल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. रेझिनची मॉडेल्स, तळहातावर मावतील एवढी, पण आतल्या सीटच्या पट्ट्यांपासून दिव्यांवरच्या पिवळ्या टेपपर्यंत सगळं जागच्या जागी. "दारात सायकल आणि फळीवर गॅरेज," असं तिचा नवरा येईल त्याला ऐकवायचा. प्रत्येक गाडीवर पारदर्शक झाकण, स्क्रूने घट्ट बसवलेलं. रेझिन ठिसूळ, आरसे आणि वायपर तर केसासारखे. झाकणाला हात लावायची नवऱ्यालाही मुभा नव्हती.

एका सकाळी एक बाई वडिलांचा हात धरून आत आली. बाबांची मधली नजर गेली होती, कडेकडेचं तेवढं दिसायचं. चष्म्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. निदान पेपरचे मथळे वाचता यावेत म्हणून त्यांना भिंग हवं होतं.

बाबांनी मान तिरकी केली.

"ती केशरी... तिच्यावर निळा पट्टा आहे का हो?"

"आहे."

"एक्केचाळीस नंबर?"

दुकानदारणीने चमकून पाहिलं. या गाडीसाठी तिने जंग जंग पछाडलं होतं. शर्यतीत सगळ्यात शेवटी आलेल्या गाडीचं मॉडेल कोण बनवतंय?

"मी चालवलीय ती," बाबा म्हणाले.

मुलगी ओशाळली. "बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे," ती हळूच म्हणाली. "ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आई तर हात जोडायची. तुम्ही मनावर घेऊ नका."

बाबांचे कान शाबूत होते. "छपरावर तिघा ड्रायव्हरांची नावं असतात. माझं शेवटचं," ते म्हणाले.

दुकानदारणीने गाडी खाली काढली आणि सगळ्यात जाड भिंग मुलीच्या हातात दिलं. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मुलीने पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्याशी तिचा आवाज अडखळला. आडनाव तिच्या माहेरचं होतं.

"बाबा, खरंच आहे हे."

"मग इतकी वर्षं मी काय सांगत होतो?" बाबा म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला. "जरा हातात मिळेल?"

दुकानदारणीच्या अगदी जिवावर आलं. तरी तिने चष्म्याचा बारीक पेचकस घेतला आणि झाकण सोडवलं. बाबांची बोटं गाडीवरून फिरू लागली. "इथे, नाकाला, पहाटे मार बसला. टेप गुंडाळून पळवली. हा दरवाजा नीट बंदच व्हायचा नाही." तेवढ्यात कट्‌ असा आवाज झाला.

"मोडलं का काही?"

"किरकोळ आहे," ती म्हणाली. निखळलेला आरसा तिने चिमट्याने उचलून डबीत ठेवला.

बाबांनी गाडी विकत मागितली. तिने सरळ नाही म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर तिला स्वतःचंच वाईट वाटलं. "पण तुम्ही येत जा. मी काढून देईन."

आणि ते खरोखरच येऊ लागले. आरसा तिने चिकटवला, तो पुन्हा निघाला. मागचा पंख वाकला, अंगठ्याखालचा केशरी रंग पुसट झाला. तिच्या एका संग्राहक मित्राने कपाळावर हात मारून घेतला. तिलाही चुटपुट लागायचीच, पण बाबा यायच्या दिवशी ती पेचकस आधीच काढून ठेवायची.

मुलगी सुरुवातीला बाहेर फोनवर बोलत उभी राहायची. एकदा मात्र आत येऊन बसली.

"बाबा, मग तुम्ही शर्यतीत उतरणं का सोडलंत?"

"मी कुठे सोडलं? टीम मोडली. पुढे कोणी बोलावलंच नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत कोणाला?"

"विचारलं ना. पुष्कळांना विचारलं."

मुलीने पर्स खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली. "कोणाकोणाला?"