पडला तो मेला

"नियम सातवा," डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं. "प्रत्येकाने आपलं सैन्य स्वतःच्या हाताने हलवायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. हलवताना सैनिक पडला, तर तो मेला. उचलून बाजूला ठेवायचा."

टेबलाभोवतीची माणसं खूश होऊन हसली. आमच्या ह्यांनी उजवा हात हळूच खिशात घातला.

डॉक्टर दातांचे. दवाखान्याला सुट्टी असली की बाहेरच्या खोलीतली बाकं भिंतीला लागतात, मधे मोठं टेबल येतं, त्यावर हिरवं कापड पसरतं आणि चांगली कमावती माणसं अंगठ्याएवढ्या शिशाच्या सैनिकांची लढाई खेळतात. एरवी त्यांच्याकडे नियमांचं उशीएवढं जाड पुस्तक असतं. एक चाल करायची तर आधी तीन पानं वाचायची आणि मग त्यांच्या अर्थावरून भांडायचं. त्याला कंटाळून डॉक्टरांनी कुठूनतरी जुने, टाइप केलेले नियम शोधून काढले. थोडकेच, पण कडक. ते नियम तरुणपणी आमच्या ह्यांनी आणि ह्यांच्या मित्रांनी मिळून केलेले. त्या टोळीतले आता हे एकटेच उरलेत. मग काय, "काका, तुम्हीच शिकवा" म्हणून बोलावणं आलं आणि आठवडाभर हे हवेत.

मी मात्र जमिनीवरच होते. हे डॉक्टरांच्या पेशंटसाठी कवळ्या आणि कॅप बनवतात. निदान डॉक्टरांची तशी समजूत आहे. वर्षभरापासून ह्यांचा उजवा हात कापतो. आधी कप बशीवर वाजायला लागला, मग मेणाच्या दातावरून सुरी घसरायला लागली. तेव्हापासून कोरायचं काम मी करते, स्वयंपाकाच्या ओट्यावर, आणि हे शेजारी उभे राहून "अगं, दाढ आहे ती, बटाटा नाही" म्हणून माझा जीव खातात. डॉक्टर मात्र येईल त्याला सांगतात, "काकांच्या हातात जादू आहे." ते ऐकलं की मला धडकी भरते. कळलं तर काम दुसरीकडे जाईल, ही भीती होतीच. पण ह्यांना खुर्चीत बसवून कोणी 'आता आराम करा' म्हटलं, तर हा माणूस दिवसभर करणार काय, ही भीती त्याहून मोठी होती.

"ताप आलाय म्हणून कळवू या का?" मी सकाळी विचारलंही होतं.

"अगं, इतक्या वर्षांनी कोणी खेळायला बोलावलंय मला," हे म्हणाले.

मांडामांड डॉक्टरांनी आधीच करून ठेवली होती. ह्यांचं पायदळ टेकडीवर होतं आणि हे तिथून हललेच नाहीत. नुसते फासे टाकायचे आणि हात परत खिशात. फासे टाकताना कोणाचाही हात हलतोच.

"काका आपल्याला दमवतायत," बँकेतला दाढीवाला कौतुकाने म्हणाला. "ह्याला म्हणतात जुना खेळाडू."

एरवी मला हसू आलं असतं. मी दाराजवळच्या बाकावरचे रिकामे कप गोळा करत होते आणि माझं सगळं लक्ष त्या खिशाकडे होतं.

मग डॉक्टरांनी आपलं घोडदळ टेकडीला वळसा घालून मागे आणलं. आता ओळ मागे फिरवायलाच हवी होती, नाहीतर टेकडी गेली आणि खेळ संपला. मी मनातल्या मनात म्हणत होते, हरा हो, हरा आणि घरी चला. हे बराच वेळ टेकडीकडे बघत बसले. मग त्यांनी हात बाहेर काढला.

पहिला सैनिक नीट फिरला. दुसराही. तिसऱ्याला बोट जरा जास्त लागलं आणि त्याने पुढचे चार-पाच आडवे केले.

"अगबाई, माझाच धक्का लागला टेबलाला," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

डॉक्टरांनी मान वळवून मी कुठे उभी आहे ते पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "असं होय. मग हे सैनिक मेले कुठे? उभे करा, काका."

"हो हो, करा उभे," दाढीवाला म्हणाला.

हे सुटले होते. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं.

"ती तिकडे दाराशी आहे," हे म्हणाले. "तिचा धक्का कसा लागेल? माझा हात लागला. कापतो तो. वर्ष झालं." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "तुमच्या कवळ्याही तीच कोरते. मी नुसता शेजारी उभा असतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग इतका आला, की हातातले कप तिथेच आपटावेत. वर्षभर आम्ही दोघांनी जे सांभाळलं, ते ह्यांनी एका खेळापायी चारचौघांत सांगून टाकलं होतं. डॉक्टरांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. रागावले असते तरी मला बरं वाटलं असतं.

हे मात्र कामाला लागले होते. आडवा पडलेला एकेक सैनिक चिमटीत धरून टेबलाच्या कडेला ठेवत होते. हात आता उघड कापत होता आणि ते तो लपवत नव्हते. उरलेल्यांपैकी पुढच्या सैनिकाकडे त्यांनी बोटं नेली, तसा दाढीवाला पुढे झाला.

"द्या काका, मी फिरवतो."

"थांब," डॉक्टर म्हणाले. "काकांची चाल अजून चालू आहे."

दाढीवाला मागे सरला. ह्यांनी सैनिकाला धरलं. तो लटपटत, अगदी सावकाश फिरायला लागला. मीही नकळत दोन पावलं पुढे आले होते, तिथेच थांबले. डॉक्टर दोन्ही तळवे टेबलावर टेकून वाकून बघत होते. टेबल हलू नये म्हणून त्यांनी ते अलगद उचलले आणि पाठीमागे धरले.