टाकीवरचा जनरल

मराठीत रणगाडा वेगळा आणि टाकी वेगळी. इंग्रजीत मात्र दोन्हींना टँकच म्हणतात, आणि पियूष सामंतने माती खाल्ली ती नेमकी इथेच.

पियूष आखातात, बिन महमूद भागातल्या एका माणसं पुरवणाऱ्या कंपनीत होता. रास लफानच्या गॅस प्रकल्पातल्या एका ठेकेदाराला गॅसच्या टाक्यांवर देखरेखीसाठी जर्मन माणूस हवा होता, तोही गुरुवारपर्यंत. नाही मिळाला तर पियूषचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नव्हतं. बायकोला आणि नववीतल्या लेकीला, ईशाला घेऊन भारतात परत जायचं आणि पुन्हा श्रीगणेशा करायचा, हे त्याला काही झालं तरी नको होतं. त्या घाईगडबडीत त्याने घरच्या लॅपटॉपवरून ‘जर्मन टँक सीव्ही’ नावाची फाइल पाठवून दिली.

तो ईशाचा इतिहासाचा प्रोजेक्ट होता. महायुद्धातल्या एखाद्या माणसाची कारकीर्द नोकरीच्या अर्जासारखी लिहा, असं शाळेने सांगितलं होतं. ईशाने रणगाड्यांचा एक जनरल रचला होता, ऑटो रीडमन. पोलंडमध्ये बढती, फ्रान्समध्ये पदक, आफ्रिकेच्या वाळवंटात दोन वर्षं, मग रशियात इंधन संपलं म्हणून पायी माघार. लोकांच्या घरादारांवरून रणगाडे नेणाऱ्या या इसमाला पोरीने ‘मेहनती आणि शिस्तप्रिय’ ठरवलं होतं. त्याचं मरण तेवढं लिहायचं राहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा फोन आला. माणूस पसंत! एका वेळी दोनशे टँक सांभाळलेत, वाळवंटाची सवय आहे, आणखी काय हवं? ‘३९ ते ४३’ हे आकडे त्यांनी सालाऐवजी वय म्हणून वाचले होते.

पियूष फोन ठेवून धावत सुटला. त्याने रत्नागिरीच्या बशीरभाईंची, म्हणजे आपल्या साहेबांची केबिन गाठली.

“बशीरभाई, हा माणूसच नाहीये. माझ्या मुलीच्या होमवर्कमधला आहे. आणि असता तरी एव्हाना मेलाच असता!”

“अरे मेल्या, ते राहू दे. नोटीस पिरियड किती त्याचा?”

“मेलेल्याला कसला नोटीस पिरियड?”

“म्हणजे इमिजिएट जॉइनर. खलास! चढव नाव.”

नाव चढलं. जनरलला हेल्मेट मिळालं, कॅम्पात खाट मिळाली, कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. पियूषने घरी येऊन लेकीपुढे अक्षरशः हात जोडले.

“ईशा, ह्याला आजच्या आज मारून टाक गं.”

“सॉरी बाबा, आय ऑलरेडी सबमिटेड इट.”

महिनाभरात ठेकेदाराचा अभिप्राय आला. जनरल कुणाशी भांडत नाही, रजा मागत नाही, जेवणाबद्दल कुरकुरत नाही. असा माणूस त्यांच्याकडे आजवर आला नव्हता.

बशीरभाईंनी पियूषला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. माणूस मनाने वाईट नव्हता.

“पियूष, तुझं काम एक नंबर झालं. पण वरून मेल आलाय. जनरल आपल्या पटावर आला आणि हेडकाउंट एकाने वाढला. एकाला कमी करायला सांगतायत.”

“मग जनरलला करा ना! तो नाहीच आहे!”

“मलाही तेच वाटलं होतं रे. पण राजीनाम्यावर ज्याची त्याची सही लागते.” बशीरभाईंनी कागद पुढे सरकवला आणि खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं. “त्याची मी कुठून आणू? तू निदान समोर बसलायस.”